टायरपासून टेबलापर्यंत : वॉटरबेस फिनिशची पार्श्वभूमी

घरी फर्निचर करणाऱ्यांशी वॉटरबेस फिनिशचा, म्हणजे लाकडावर मारायच्या पाण्यातल्या पारदर्शक थराचा, विषय काढला की दोन टोकांची मते ऐकू येतात. एकाच्या मते याला वास नाही, तासा-दोन तासांत दुसरा हात देता येतो आणि ब्रश नळाखाली धुता येतो. दुसऱ्याच्या मते लाकूड मेल्यासारखे दिसते, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा बसल्यासारखा वाटतो. दोघेही खरे बोलत असतात, फक्त अनेकदा वेगवेगळ्या काळातल्या मालाबद्दल बोलत असतात. मुळात हे फिनिश लाकडासाठी जन्माला आलेले नाही. आधी रबर, मग भिंतीचा रंग, मग हवेच्या प्रदूषणाचे कायदे अशा वाटेने ते आले आणि लाकडाचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. त्याचे गुण आणि खोडी दोन्ही त्या प्रवासातून आले आहेत.

त्याआधीची परंपरा तेलाची आणि स्पिरिटची. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. त्यात राळ शिजवली की वॉर्निश. चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवायचा, हे एकोणिसाव्या शतकातल्या उंची फर्निचरचे पॉलिश. मोठा बदल झाला तो नायट्रोसेल्युलोजमुळे. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लाची क्रिया करून जे तयार केले, ते पुढे तोफांच्या दारूत गेले. पहिल्या महायुद्धानंतर हेच रसायन लॅकरमध्ये, म्हणजे थिनर उडून गेले की सुकणाऱ्या फिनिशमध्ये, आले. १९२० च्या दशकात ड्यू पाँटने ‘ड्यूको’ हा रंग काढला, जनरल मोटर्सने तो मोटारींना मारला आणि जे रंग सुकायला दिवसच्या दिवस लागत ते काम तासांवर आले. फर्निचरच्या कारखान्यांनी हे लॅकर लगेच उचलले आणि पुढची कित्येक दशके सोडले नाही. का सोडावे? ते झटपट सुकते, लाकडाचा रंग खुलवते आणि नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो. पण फवारायला तयार केलेल्या या लॅकरमधला घन भाग साधारण पाव हिस्सा. बाकी सगळे थिनर, जे हवेत जाते, फवारणाऱ्याच्या छातीत जाते आणि ठिणगी मिळाली तर पेटते.

दुसरीकडे, लाकडाशी काहीही संबंध नसलेली एक गोष्ट घडत होती. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि आसपासचे रबराचे मळे ताब्यात घेतले आणि अमेरिकेपुढे टायरचा प्रश्न उभा राहिला. सरकारने कृत्रिम रबराचे कारखाने उभारले. स्टायरिन आणि ब्युटाडाइन यांपासूनचे हे रबर पाण्यात, इमल्शनच्या (तरंगत्या बारीक कणांच्या) रूपात बनत असे. युद्ध संपल्यावर हाच चीक भिंतीच्या रंगात वापरून पाहिला गेला. १९४८ मध्ये ग्लिडन कंपनीने ‘स्प्रेड सॅटिन’ हा आतल्या भिंतींचा रंग बाजारात आणला आणि तो चांगला खपला. १९५३ मध्ये रोम अँड हास कंपनीचे खास रंगासाठीचे अ‍ॅक्रिलिक या प्लॅस्टिकचे इमल्शन आले. ते रबरापेक्षा कमी पिवळे पडे.

इथे जरा थांबून डब्यातला द्रव जवळून पाहायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. वॉटरबेस फिनिशमध्ये प्लॅस्टिक पाण्यात विरघळलेले नसते. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे त्याचे कण पाण्यात तरंगत असतात. दूध ज्या कारणाने पांढरे दिसते त्याच कारणाने हा द्रवही पांढरा दिसतो : कण प्रकाश विखुरतात. पाणी उडून जाऊ लागले की कण एकमेकांवर दाटतात, दाबले जातात, चपटे होतात आणि शेवटी एकमेकांत मिसळून अखंड थर बनतो. मिसळणे पूर्ण झाले तर थर काचेसारखा पारदर्शक होतो. अर्धवट राहिले तर निळसर धुरकटपणा राहतो. ‘लाकूड मेल्यासारखे दिसते’ या जुन्या तक्रारीचे एक मोठे कारण हेच.

भिंतीच्या रंगात ही उणीव पांढऱ्या भुकटीखाली झाकून जाते. लाकडावरच्या पारदर्शक थराला लपायला जागाच नाही. शिवाय कण मऊ ठेवले तर ते छान मिसळतात, पण थर कायम किंचित चिकट राहतो आणि फळीवर ठेवलेले पुस्तक उचलताना टर्रकन निघते. कण कडक केले तर ते मिसळतच नाहीत. त्यांना तात्पुरते मऊ करायला ग्लायकॉल इथरसारखे सावकाश उडणारे द्रावक थोडेसे घालावे लागते. म्हणून ‘वॉटरबेस’ लिहिलेल्या बहुतेक डब्यांत द्रावक अगदीच नसते असे नाही. खिडक्या उघड्या ठेवण्याची गरज इथेही आहे, आणि हे विक्रेत्यांनी मोकळेपणाने सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

भिंतींसाठी चाललेला माल लाकडाकडे ढकलला गेला तो लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. १९४३ पासून त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुके साचू लागले. कॅल्टेक या तिथल्या विज्ञानसंस्थेतल्या आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की, गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हवेत उडालेली सेंद्रिय द्रव्ये यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. म्हणजे पेट्रोलची वाफ जशी दोषी, तशीच थिनरचीही. १९६६ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने ‘रूल ६६’ करून द्रावकांवर बंधने घातली. १९७० मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा कडक झाला आणि १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात लाकडी वस्तूंच्या फिनिशसाठी वेगळा नियम आला. युरोपने २००४ च्या निर्देशाने मालातल्या उडणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांवर दोन टप्प्यांत मर्यादा घातल्या. दारे-खिडक्यांच्या वॉर्निशसाठी द्रावकाधारित मालाला २००७ पासून लिटरमागे ५०० ग्रॅम आणि २०१० पासून ४०० ग्रॅम. पाण्याच्या मालाला अनुक्रमे १५० आणि १३०.

माझ्या मते वॉटरबेसची बदनामी याच घाईत झाली. कायदा आधी आला, लाकडाला शोभेल असा माल नंतर. १९८० च्या दशकात ज्यांनी तो वापरला त्यांच्या वाट्याला धुरकट, बुडबुड्यांचा, पाण्याच्या ग्लासाचा डाग धरणारा थर आला, आणि तोच अनुभव पुढे शिकवला गेला.

सुधारणा आली ती पॉलियुरेथेनमधून. हे रसायन ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधले. पुढे ते तेलाच्या वॉर्निशमध्ये मिसळले जाऊ लागले आणि घरगुती कामात फार लोकप्रिय झाले. ते पाण्यात आणण्याचे काम बायर कंपनीतल्या डीटर डीटेरिष आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात केले. त्यांनी पॉलिमरच्या साखळीतच विद्युतभारित गट गुंफले, त्यामुळे कण पाण्यात तरंगत ठेवायला वेगळा साबण लागेना. साबण कमी म्हणजे सुकलेल्या थरात पाणी शोषणारा घटक कमी. पुढे अ‍ॅक्रिलिक आणि पॉलियुरेथेन यांची मिश्रणे आली, मग सुकताना कणाकणांत रासायनिक बंध जोडणारे प्रकार आले. लाकडी जमिनीवर चपला घासूनही टिकणारे फिनिश इथून शक्य झाले. म्हणून नुसते ‘पीयू’ (पॉलियुरेथेन) पाहून डबा घेऊ नये : तेलातले, पाण्यातले आणि हार्डनर (थर कडक करणारा वेगळा द्रव) मिसळायचे अशा तिन्ही प्रकारांवर हेच लिहिलेले असते. हार्डनर असेल तर हातमोजे आणि योग्य मास्क लागतोच. सुरुवातीच्या पाण्यातल्या पीयूमध्ये एन-मिथाइल पायरोलिडोन हे द्रावक सर्रास असे. ते गर्भाला घातक ठरल्याने युरोपने २०२० पासून त्याच्या वापरावर कडक बंधने आणली आणि त्याशिवायचे प्रकार आता सहज मिळतात.

रसायन कितीही सुधारले तरी पाणी ते पाणीच. लाकडाला ते लागले की तोडलेले रेषे फुगून उभे राहतात आणि पहिला हात सुकल्यावर पृष्ठभाग खरखरीत लागतो. उपाय जुनाच आहे : आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसायचे, सुकू द्यायचे आणि २२० नंबरच्या पेपरने उभे रेषे हलकेच कापायचे, खोल घासायचे नाही. दोन हातांच्या मध्ये स्टील वूल मात्र कधीच वापरू नये. त्याचा तुटलेला तंतू पाण्यात गंजतो, आणि ओकसारख्या टॅनिन (लोखंडाशी काळे पडणारे तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात त्याचा निळा-काळा ठिपका पडतो, जो वरून पुसता येत नाही.

पाण्याचा पृष्ठताण नेहमीच्या द्रावकांच्या जवळजवळ तिप्पट असतो, म्हणून ते पसरवायला साबणासारखी द्रव्ये घालावी लागतात. त्यांच्यामुळे फेस होतो, म्हणून मग फेसमारक घालावा लागतो. डबा गदागदा हलवायचा नाही, हळू ढवळायचा, आणि ब्रश एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही, याचे कारण हेच. दमट हवेत पाणी उडेनासे होते. गरम आणि कोरड्या हवेत उलट ते इतक्या लवकर उडते की ब्रशच्या रेघा मिटून थर सपाट व्हायलाही वेळ मिळत नाही. थंडीत कण मिसळतच नाहीत. किमान तापमान डब्यावर छापलेले असते आणि ते पाळावेच लागते.

रंगाचे काय? तेलाचे वॉर्निश आणि लॅकर लाकडाला मधासारखी छटा देतात आणि वर्षांगणिक पिवळे होतात. वॉटरबेस बहुतांशी रंगहीन राहते. मॅपलसारख्या फिकट लाकडाला किंवा पांढऱ्या रंगावर हे वरदानच आहे. अक्रोडावर मात्र ते थंड आणि राखाडी वाटते. तिथे आधी मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात द्यावा : छटाही येते, रेषेही फारसे उठत नाहीत. मेण काढलेलाच हवा; मेणावर पाण्याचा थर धरत नाही. पाण्यात इमल्शन केलेले अल्किड (तेलापासून बनवलेली कृत्रिम राळ) हा दुसरा मार्ग. ते तेलासारखे दिसते, पण सुकायला थोडा जास्त वेळ घेते.

पुस्तकांच्या कपाटाला, मुलांच्या खोलीतल्या सामानाला, बंद खोलीत करायच्या कामाला मी वॉटरबेसच निवडेन. तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून टाकली तर आपोआप पेटू शकते. इथे ती भीती नाही. गरम भांडी आणि सांडलेले स्पिरिट सोसणाऱ्या टेबलाला एकघटकी (हार्डनर न मिसळायचे) अ‍ॅक्रिलिक पुरत नाही, तिथे बंध जोडणारा पीयू घ्यावा. आणि हाताला कोरडे लागले म्हणून लगेच सामान मांडू नये. थर पूर्ण कडक व्हायला साधारण तीन ते चार आठवडे जातात. तोवर जड वस्तू, ओले फडके आणि टेबलक्लॉथ दूर ठेवावेत.