कमी पिणारी गाडी आणि कमी ओकणारी गाडी

अमेरिकेतल्या मोटारींचा विषय निघाला की आपल्यातला कुणीतरी हमखास म्हणतो, "एवढे लांबलचक हायवे, आणि ही माणसं पेट्रोल जाळत बसतात! डिझेल गाड्या घेतल्या तर मायलेजही वाढेल आणि प्रदूषणही घटेल." मंडळाच्या जेवणावळीत हे ऐकायला मिळतं, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही. मायलेजचं ठीक आहे. पण त्याला बिनदिक्कत जोडलेलं ते "आणि" मला खटकतं. गाडी कमी पिते म्हणून ती कमी ओकते, हे आपण फार सहज गृहीत धरतो. डिझेल सेडान अमेरिकेत का रुजली नाही याचं अर्धंअधिक उत्तर या गृहीतकाच्या फोलपणात आहे.

डिझेल गाडी कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. स्विफ्ट डीडीआयएस किंवा इनोव्हा एकदा तरी खंबाटकी घाटातून नेली असेल. खालच्या आरपीएमलाच ओढ, टाकी भरली की सातआठशे किलोमीटर पंपाकडे बघायचं नाही, आणि थंडीत सकाळी थोडी खडखड. अमेरिकन डिझेल गाडी याहून काही वेगळी नव्हती.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. ब्रिटिश मासिकात "साठ मैल प्रति गॅलन" वाचून अमेरिकन गाडीला नावं ठेवू नका. ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा, अमेरिकन ३.७९ चा, त्यामुळे ते साठ अमेरिकन मापात पन्नासच भरतात. धूर साफ करायला लागणारा "युरिया डिझेलमध्ये मिसळतात" हेही बंद करा. त्याची टाकी वेगळी असते आणि चुकून डिझेलच्या टाकीत ओतलात तर खर्चाचा आकडा बघून घाम फुटेल. आणि अमेरिकेत डिझेलवर सवलत नाही, उलट आहे. केंद्रीय कर गॅलनमागे पेट्रोलवर १८.४ सेंट, डिझेलवर २४.४. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव मोकळे होईपर्यंत आपल्याकडे दोन इंधनांत जी दरी होती, तिच्या जोरावर आपली डिझेल क्रेझ उभी राहिली. ती दरी तिथे कधी नव्हतीच.

आता मुद्द्याचं. नळीतून बाहेर पडणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या धरा: एक कार्बन डायऑक्साइड, दुसरे नायट्रोजनचे ऑक्साइड, ज्यांना सगळे नॉक्स म्हणतात.

पहिला थेट मायलेजशी बांधलेला. जितकं इंधन जळेल तितका तो निघणार, त्यात चलाखीला जागा नाही. इथे डिझेल जिंकतं, पण वाटतं तितकं नाही. एक गॅलन पेट्रोल जळलं की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा १०.२ किलो, कारण डिझेल जड असतं आणि त्यात कार्बन जास्त. समजा पेट्रोल गाडी गॅलनला ३० मैल देते आणि डिझेल ३९. मायलेज तीस टक्के जास्त, पण मैलामागचा कार्बन फक्त बारा टक्क्यांनी कमी. दोन वेगळ्या इंधनांचं मायलेज शेजारीशेजारी छापून "पर्यावरणपूरक" लिहिणाऱ्यांनी एवढं गणित करायला हरकत नसावी.

दुसऱ्याचा मायलेजशी असा सरळ संबंध नाही. नॉक्स इंधनातून येत नाही, हवेतून येतो. सिलिंडरमध्ये दाब आणि तापमान फार चढलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो. डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्त हवा आत घेऊन ती प्रचंड दाबतं, म्हणूनच ते काटकसरी. म्हणजे ज्या गुणामुळे गाडी कमी पिते, त्याच गुणामुळे ती नॉक्स ओकते. ज्वाला थंड करायला धुराचा काही भाग परत आत सोडा, तर नॉक्स घटतो आणि काजळी वाढते.

पेट्रोल गाडीला या नॉक्सवर स्वस्त उपाय सापडलेला आहे. तिथे हवा आणि इंधन नेमक्या प्रमाणात ठेवता येतं, साधारण १४.७ ला १. धुरात मोकळा ऑक्सिजन जवळपास उरत नाही, आणि मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नॉक्समधला ऑक्सिजन ओढून त्याच ऑक्सिजनने कार्बन मोनॉक्साइड नि अर्धवट जळलेलं इंधन निपटवतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन मुबलक, त्यामुळे हा कन्व्हर्टर नॉक्सपुढे हात टेकतो. मग एक तर नॉक्स धरून ठेवणारा वेगळा सापळा बसवायचा, नाहीतर युरियाचं द्रावण फवारून त्यातल्या अमोनियाकरवी नॉक्सचं नायट्रोजन आणि पाणी करायचं. दोन्ही महाग, आणि छोट्या गाडीच्या किमतीत ते लगेच डोळ्यात भरतं.

आता कायदा बघा. युरो ४ या युरोपच्या प्रदूषण नियमांत किलोमीटरमागे नॉक्सची मर्यादा पेट्रोल गाडीला ०.०८ ग्रॅम, डिझेलला ०.२५. आपल्याकडच्या बीएस ४ नियमांतही हेच आकडे. म्हणजे डिझेलला अधिकृत सूट होती. अमेरिकेने इंधन बघून सूट दिली नाही. २००९ पर्यंत पूर्ण लागू झालेल्या टियर-२ नियमांत कंपनीने विकलेल्या गाड्यांची सरासरी मैलामागे ०.०७ ग्रॅम, किलोमीटरला सुमारे ०.०४४. पेट्रोल असो वा डिझेल. आपली बीएस ४ डिझेल गाडी कायदेशीरपणे त्याच्या पावणेसहा पट नॉक्स सोडू शकत होती. "आमच्याकडे चालतं, तिथे का नाही?" याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

हा कडकपणा म्हणजे खोड नव्हे, त्यामागे लॉस एंजेलिस आहे. डोंगरांनी अडवलेली हवा, वर लख्ख ऊन, खाली लाखो मोटारी. ऊन, नॉक्स आणि न जळलेलं इंधन मिळून डोळे चुरचुरवणारं धुरकं कसं तयार होतं, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. तेव्हापासून अमेरिकन नियमांची नजर धुरक्यावर. युरोपची नजर क्योटोच्या हवामान करारानंतर कार्बनवर गेली. १९९८ मध्ये मोटार कंपन्यांनी नव्या गाड्यांची सरासरी २००८ पर्यंत किलोमीटरला १४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडवर आणायचं कबूल केलं, आणि डिझेलला जोर चढला. एकाने पिण्यावर लगाम घातला, दुसऱ्याने ओकण्यावर.

फोक्सवॅगन प्रकरण हेच सांगतं, आणि तेच लोक सर्वांत जास्त उलटं समजतात. "त्यांनी मायलेजचा घोटाळा केला" असं अजून ऐकू येतं. नाही हो. त्यांच्या जेटा टीडीआय या डिझेल सेडानचं मायलेज खरं होतं, कित्येक मालकांना छापलेल्यापेक्षा जास्तच मिळायचं. खोटा होता नॉक्स. २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने मोजणीची यंत्रं गाडीतच ठेवून कॅलिफोर्नियाचे रस्ते तुडवले, तेव्हा प्रयोगशाळेत पास झालेली गाडी रस्त्यावर भलताच आकडा दाखवू लागली. चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सभ्य वागायचं. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची नोटीस आली: मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नॉक्स, सुमारे ४ लाख ८२ हजार गाड्या. जगभरचा आकडा १ कोटी १० लाखांच्या घरात. गाडी खरोखर कमी पीत होती आणि खरोखर भरमसाट ओकत होती, दोन्ही एकाच वेळी.

मग अमेरिकन माणसाला डिझेल आवडलंच नसतं का? हे मला मान्य नाही. त्या जेटा लोकांनी हौसेने घेतल्या होत्या. टेक्सासच्या एखाद्या गावात जाऊन बघा, ट्रेलरला घोडे किंवा बोट बांधलेला, कमिन्स इंजिनचा रॅम पिकअप दिसेल. त्या इंजिनासाठी माणसं हजारो डॉलर जास्त मोजतात आणि त्याची बढाईही मारतात. १९७८ च्या ओल्ड्समोबिल डिझेलने, ज्याच्या हेडचे बोल्ट दाब सोसत नव्हते, एका पिढीचं मन विटवलं हे खरं. पण ती आठवण चाळीस वर्षं पुरत नाही.

सेडानमधलं डिझेल मारलं ते हायब्रिडने. २०१७ ची शेव्हरोले क्रूझ डिझेल, मॅन्युअल: हायवेला ५२ मैल, शहरात ३०. त्याच वर्षीची हायब्रिड प्रियस: हायवेला ५०, शहरात ५४. युरिया नाही, काजळीचा फिल्टर नाही. मुलांना शाळेत सोडायचं, कॉस्टकोत खरेदी, घर, अशा तीनचार मैलांच्या फेऱ्यांत डिझेलचा फिल्टर नीट तापतच नाही आणि तुंबतो. बीएस ६ डिझेलवाल्यांना तो पिवळा दिवा ओळखीचा असेल, आणि "हायवेला जरा पळवून आणा" हा सल्लाही. रोज शंभर मैल हायवे कापणाऱ्याला मी तेव्हा डिझेल सुचवलं असतं. बाकी कुणालाही नाही.

आज अमेरिकेतल्या शोरूममध्ये नवी डिझेल सेडान मिळत नाही, त्यामुळे वाद संपल्यातच जमा. जुनी जेटा टीडीआय स्वस्तात दिसली, तर मायलेज विचारण्यात वेळ घालवू नका, ते चांगलंच असणार. त्या घोटाळ्याच्या तडजोडीनंतर कंपनीने तिची उत्सर्जन दुरुस्ती केली होती का, त्याचे कागद मागा.