‘त्यानंतर केव्हाही’: घटस्फोटानंतरच्या पोटगीची पार्श्वभूमी

नांदेडच्या न्यायालयात २०१५ मध्ये एका जोडप्याचा घटस्फोट झाला. लग्न १९९२ चं, बाई शिक्षिका. काडीमोड झाल्यावर नवऱ्याने अर्ज टाकला : मला उत्पन्न नाही, हिच्या शिक्षणापायी मी घर सांभाळलं, महिना १५ हजार पोटगी द्या. बाईंचं म्हणणं, त्याचं किराणा दुकान आहे, रिक्षा भाड्याने दिली आहे, आणि नातंच संपलं तर पोटगी कसली? न्यायालयाने २०१७ मध्ये दरमहा ३ हजारांची अंतरिम पोटगी लावली. ती थकली, तेव्हा २०१९ मध्ये पगारातून महिन्याला ५ हजार कापून भरायला थेट मुख्याध्यापकांना सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये हे आदेश कायम ठेवले.

चर्चा रंगली ती ‘बायकोने नवऱ्याला पोटगी?’ यावर. पण हिंदू विवाह कायद्याचं कलम २५ दोघांनाही ती सोय १९५५ पासूनच देतं. गोम वेगळीच आहे. हुकूमनामा देताना ‘किंवा त्यानंतर केव्हाही’ पोटगी ठरवता येईल, असं ते कलम म्हणतं. कलमात मुदत घातलेली नाही. मूळ कायद्यात अर्जदार अविवाहित असेपर्यंतच, अशी अट होती. १९७६ च्या दुरुस्तीत तेही शब्द गेले. आता पुनर्विवाह झाला तर समोरच्याने न्यायालयात जाऊन आदेश बदलून मागायचा.

दुसरा रस्ता फौजदारी प्रक्रिया संहितेचा (२०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे). १८९८ च्या संहितेत पोटगी फक्त बायको-मुलांना होती, घटस्फोटितेला नाही. त्यामुळे पोटगी चुकवायची तर घटस्फोट देऊन मोकळं व्हायचं, ही पळवाट उघडीच होती. १९७३ च्या संहितेने कलम १२५ मध्ये ‘पत्नी’ या शब्दात पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिताही धरली. रक्कम मात्र महिना ५०० रुपयांच्या वर जात नसे. ही मर्यादा उठायला २००१ उजाडलं.

इंदूरच्या शाहबानोंचा दावा याच कलमाखालचा. लग्न १९३२ चं, घराबाहेर काढलं १९७५ मध्ये. १९७८ मध्ये त्यांनी अर्ज केला, आणि तो चालू असतानाच वकील असलेल्या नवऱ्याने तलाक दिला. खालच्या न्यायालयाने महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे. वीस पैशांपर्यंतचा हा हिशेब १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. पुढचं राजकारण आणि मुस्लिम घटस्फोटितांच्या हक्कांचा १९८६ चा कायदा सर्वांना माहीत आहे.

आज परस्परसंमतीच्या घटस्फोटात वकील एक ओळ हमखास घालतात : एकरकमी रक्कम मिळाली, यापुढे कसलाही दावा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की कलम १२५ चा हक्क असा लिहून देऊन सोडता येत नाही. ही ओळ अजूनही घातली जाते.