बाळाच्या तापाचं औषध: ड्रॉप्स वेगळे, सिरप वेगळं

ड्रॉप्स तान्ह्या बाळांसाठी, म्हणजे ते सौम्य असणार, असं बहुतेक घरांत धरून चालतात. खरं उलट आहे. तान्हं बाळ घोटभर औषधही नीट गिळत नाही, म्हणून थोड्याशा थेंबांत पुरेसं औषध बसवावं लागतं. आपल्याकडच्या पॅरासिटामॉल ड्रॉप्सच्या १ मि.ली.मध्ये सहसा १०० मि.ग्रॅ. औषध असतं. सिरपमध्ये साधारण तेवढंच, १२० किंवा १२५ मि.ग्रॅ., ५ मि.ली.त पसरलेलं असतं. म्हणजे ड्रॉप्स सिरपच्या जवळपास चौपट कडक. त्यात २५० मि.ग्रॅ.चं सिरपही मिळतं, आणि त्याची बाटली दिसायला तशीच.

डोस ठरतो तो वजनावरून. एका वेळी किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ., दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १० किलोच्या मुलाला १५० मि.ग्रॅ. द्यायचे असतील, तर ड्रॉप्स दीड मि.ली., १२५चं सिरप ६ मि.ली. आणि २५०चं सिरप ३ मि.ली. मूल तेच, ताप तोच, आकडे तीन.

घोटाळा होतो तो इथे. गेल्या वेळी सिरप ६ मि.ली. दिलं होतं हे आजीच्या लक्षात असतं, आणि या वेळी घरात ड्रॉप्स असतात. तेच ६ मि.ली. दिले तर ६०० मि.ग्रॅ. पोटात जातात, दिवसभराची मर्यादा एका दमात संपते. पुढचे डोसही तसेच गेले तर यकृताला धोका. उलट चूकही होते: सिरप दीडच मि.ली. दिलं की ताप हटत नाही आणि घरचे घाबरून दुसरंच औषध जोडतात. सर्दीच्या कित्येक औषधांत पॅरासिटामॉल आधीच असतं, हे तेव्हा कुणी पाहत नाही.

अमेरिकेत याच गोंधळामुळे २०११ साली कंपन्यांनी कडक ड्रॉप्स बंद करून बाळांसाठी आणि मुलांसाठी ५ मि.ली.त १६० मि.ग्रॅ. हे एकच प्रमाण ठेवायचं ठरवलं. आपल्याकडेही तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं. तोवर लेबल वाचणं आपल्याच हातात आहे.

मापायला घरातला चमचा नको, तो कधी ३ मि.ली.चा असतो तर कधी ७चा. बिनसुईची सिरिंज किंवा त्याच बाटलीसोबत आलेला ड्रॉपर घ्या. ड्रॉप्सचा ड्रॉपर सिरपला लावू नका. औषध जास्त गेल्याची शंका आली तर मूल हसतंखेळतं असलं तरी बाटली घेऊन लगेच दवाखाना गाठा. यकृताची इजा पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, आणि तिच्यावरचा उतारा पहिल्या ८ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरी कुठलीच बाटली न उघडता आधी डॉक्टरांकडे न्या.