१०९८ : मुलांच्या हेल्पलाइनची पार्श्वभूमी

संकटात सापडलेल्या मुलांसाठी देशभर चालणारी १०९८ ही मोफत दूरध्वनी सेवा, म्हणजेच चाइल्डलाइन, २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्याकडून राज्य सरकारांकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे गेली. ही सेवा कोणाच्या ताब्यात असावी, यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली आणि ती आवश्यकही होती. मात्र या सेवेच्या यशामागे केवळ एक सोपा क्रमांक किंवा केवळ सरकारी निधी नव्हता. मदत मागण्याचा अधिकार थेट मुलाच्या हाती देणे, हे तिचे खरे वेगळेपण होते आणि ते समजण्यासाठी मुंबईच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

निराधार मुलांसाठी संस्था काढण्याची परंपरा मुंबईत जुनी आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुलांची औद्योगिक व सुधारशाळा निघाली. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीतील उमरखाडीचे निरीक्षणगृह याच व्यवस्थेचा भाग. या सर्व प्रयत्नांमागे कळकळ होती, हे नाकारता येणार नाही. पण मुलाला उचलायचे कोणी, कुठे ठेवायचे आणि किती काळ ठेवायचे, हे सर्व निर्णय मोठ्यांचेच असत. १९८६ च्या बाल न्याय कायद्यानेही अशा मुलांना ‘उपेक्षित बालक’ या वर्गात घातले. रस्त्यावर राहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पोलिसांनी पकडणे आणि रिमांड होममध्ये नेणे या दोन्ही गोष्टी सारख्याच भीतीच्या होत्या. त्यामुळे ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज होती, तीच मुले मदत देणाऱ्या यंत्रणेपासून लांब पळत होती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रेल्वे स्थानकांवर आणि फुटपाथवर राहणाऱ्या मुलांचा प्रश्न अभ्यासकांच्या आणि सरकारच्या नजरेत ठळकपणे आला. भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. या कराराच्या बाराव्या कलमाने स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क मान्य केला आहे. मुंबईत तोवर रात्रनिवारे होते, दवाखाने होते, रस्त्यावर शिकवणारे कार्यकर्ते होते. उणीव होती ती या सर्वांना जोडणाऱ्या दुव्याची. प्रत्येक संस्थेची वेळ ठरलेली, विभाग ठरलेला, वयाची अट ठरलेली. आणि मूल आजारी पडते किंवा मार खाते ते मात्र बहुतेक वेळा रात्री, कार्यालये बंद असताना.

हीच उणीव जेरू बिलिमोरिया यांनी ओळखली. टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) अध्यापन करताना त्या स्थानकांवर आणि रात्रनिवाऱ्यांत मुलांना भेटत असत. अडचण आली तर फोन करा, असे सांगून त्यांनी मुलांना स्वतःच्या घरचा क्रमांक दिला आणि मुले खरोखरच अवेळी फोन करू लागली. कोणी तापाने फणफणलेल्या मित्राविषयी सांगे, कोणी मारहाणीविषयी, तर कोणाला नुसतेच बोलायचे असे. एका व्यक्तीच्या घरच्या फोनवर ही जबाबदारी चालणे शक्य नव्हते. या अनुभवातून जून १९९६ मध्ये टिसचा क्षेत्रकार्य प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन सुरू झाली.

क्रमांक मिळवणे हे वाटते तितके सोपे काम नव्हते. तो चार आकडी हवा, कोणत्याही फोनवरून मोफत लागायला हवा आणि अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही लक्षात राहायला हवा. दूरसंचार विभागाकडे पाठपुरावा करून १०९८ हा क्रमांक मिळाला आणि मुलांनी तो ‘दस, नौ, आठ’ असा उलट्या मोजणीने पाठ केला. तरीही क्रमांक ठाऊक असणे वेगळे आणि फोनपर्यंत हात पोचणे वेगळे. तो काळ पीसीओचा, म्हणजे पैसे देऊन फोन करायच्या सार्वजनिक दूरध्वनी केंद्रांचा होता. मळक्या कपड्यातला मुलगा दुकानाच्या पायरीवर आला की त्याला हुसकावून लावले जाई. त्यातच पैसे न देता फोन करू पाहणाऱ्या मुलावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून कार्यकर्त्यांना पीसीओवाल्यांकडे जाऊन हा फोन खरोखर मोफत आहे, हे समजावून सांगावे लागले. फोन घेणाऱ्यांत आणि मदतीला धावणाऱ्यांत रस्त्यावरच वाढलेले तरुणही होते, आणि माझ्या मते हा या प्रकल्पाचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. कोणत्या स्थानकाच्या कोणत्या कोपऱ्यात मूल लपून बसेल, हे त्यांना नकाशाशिवाय कळत असे.

या सेवेत मुलापर्यंत साठ मिनिटांच्या आत पोचण्याचा दंडक पाळला जाई. पण पोचल्यावर खरी कसोटी सुरू होई, कारण पालक सोबत नसलेल्या मुलाला दाखल करून घ्यायला रुग्णालये कचरत आणि रात्री जागा द्यायला निवारे तयार नसत. त्यामुळे पोलिसांचे, डॉक्टरांचे आणि रेल्वे कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा कामाचा अविभाज्य भाग बनला. याच संदर्भात एक बारीक पण अतिशय बोलकी बाब नोंदवायला हवी. अनेक फोनवर पलीकडून कोणीच बोलत नसे. हे फोन खोडसाळ मानून तोडण्याऐवजी त्यांची ‘सायलेंट कॉल’ अशी वेगळी नोंद होत असे. बोलायला न धजणारे मूल पुन्हा फोन करील आणि कधीतरी बोलेल, एवढा विश्वास त्यामागे होता.

विस्तार करताना चाइल्डलाइनने शहरोशहरी स्वतःच्या शाखा उघडल्या नाहीत. आधीपासून काम करणाऱ्या स्थानिक संस्थांनाच तिने एका क्रमांकाखाली आणि एका कार्यपद्धतीखाली बांधले, समन्वयाचे काम अनेक ठिकाणी समाजकार्य महाविद्यालयांकडे दिले. १९९९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या पाठबळाने चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन स्थापन झाले, आणि २००२ पर्यंत ही सेवा चाळीसहून अधिक शहरांत पोचली. पुढे २००९ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत तिचा समावेश झाला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तर ‘चाइल्डलाइन सेवा’ ही संज्ञाच कायद्यात आणली. पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास चोवीस तासांत जिथे कळवता येते, त्या ठिकाणांत पोलीस ठाणे आणि बाल कल्याण समिती यांच्या जोडीला ही सेवाही आली. एका प्राध्यापिकेच्या घरच्या फोनपासून कायद्याच्या कलमापर्यंतचा हा प्रवास साधारण दोन दशकांचा आहे.

बिलिमोरिया यांनी दरम्यान सूत्रे इतरांकडे सोपवली होती. २००३ मध्ये त्यांनी जगभरच्या अशा सेवांना जोडणारी चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल ही संस्था उभारली. २००५ मध्ये मुलांना हक्कांसोबत बचतीचेही शिक्षण देणारी अफलातून ही संस्था सुरू केली. तिची बीजे १९९१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मेळजोल या संस्थेच्या कामात आहेत.

आता २०२३ च्या बदलाकडे पाहू. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेखाली १०९८ ची जबाबदारी राज्यस्तरीय नियंत्रण कक्ष आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे आली आणि ही सेवा ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. स्वयंसेवी क्षेत्रात रुजलेले काम सरकारने हाती घेणे हे मूळ कल्पनेशी विसंगत नाही. टिसनेच १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी सुरू केलेला विशेष कक्ष पुढे महाराष्ट्र सरकारने स्वीकारला, आणि तो टिकला तो प्रशिक्षित समाजकार्यकर्ते त्यात कायम राहिले म्हणून. मुलांचे संरक्षण ही शासनाचीच जबाबदारी आहे, आणि देणग्यांच्या भरवशावर ते कायमचे चालू शकत नाही. काळजी आहे ती वेगळ्याच ठिकाणी. ११२ हा क्रमांक लोकांच्या मनात पोलिसांशी जोडलेला आहे, आणि पोलिसांच्या भीतीने गप्प राहणाऱ्या मुलांसाठीच तर १०९८ सुरू झाला होता. म्हणून जिल्ह्याच्या कक्षात फोन कोण उचलतो, त्याला काय प्रशिक्षण मिळाले आहे, रात्री दोन वाजता मुलापर्यंत जायला गाडी आणि माणूस आहे का, आणि न बोलणाऱ्या फोनची नोंद अजूनही होते का, हे प्रत्येक जिल्ह्यात नियमितपणे तपासले गेले पाहिजे आणि त्याचे अहवाल लोकांसमोर यायला हवेत.