चीनची गरिबी वर्ल्ड बँकेने घालवली?

म्हापशापासून मडगावपर्यंत ग्रुपवर फिरणारा मेसेज, 'वर्ल्ड बँकेने कर्ज दिलं म्हणून चीनची गरिबी गेली', तो अर्धवट आहे हो. 40 वर्षांत जवळपास 80 कोटी लोक वर आले हे खरं, पण ते शेतीतले बदल, कारखाने नि तिथलाच पैसा यामुळे, बँकेचं कर्ज त्यात चिमूटभर.

आणि बँकेचं मूल्यमापन खातं एखाद्या प्रोजेक्टला 'समाधानकारक' म्हणतं ते मुख्यतः प्रोजेक्टने स्वतःचं ठरवलेलं टार्गेट गाठलं का ते बघून. आपल्याकडे गोव्यात साळावली धरणाच्या पाणी योजनेला जपानचं कर्ज आलं ना, तसल्या कामात पाईपलाईन पडली की टार्गेट झालं, पण घरची कमाई वाढली का हे कळायला पाईप न गेलेल्या तशाच वस्तीशी तुलना हवी, नि त्यासाठी काम सुरू व्हायच्या आधीच दोन्हीकडच्या घरांचा सर्व्हे करून ठेवायला लागतो, मागाहून उद्घाटनाचे फोटो दाखवून काय उपयोग!