पाण्याखाली खडक असला म्हणजे तो रीफ ब्रेक नव्हे

सर्फिंगसाठी, म्हणजे फळीवरून लाटांवर स्वार होण्यासाठी, प्रसिद्ध असलेल्या दक्षिण आफ्रिकेतील जेफ्रीज बेचे नाव निघाले की कोणीतरी त्याला रीफ ब्रेक (पाण्याखालच्या खडकावर लाट फुटण्याची जागा) म्हणून मोकळा होतोच, आणि कारण विचारले तर पाण्याखाली खडक आहे, एवढेच सांगतो. खरे तर तो पॉइंट ब्रेक आहे, म्हणजे भूशिराच्या कडेने लाट फुटत जाण्याची जागा. सहलींच्या जाहिरातींतही हाच घोळ वर्षानुवर्षे चालला आहे.

रीफ ब्रेक हवाईतील पाइपलाइन या प्रसिद्ध लाटेमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे: खोल समुद्रातून आलेली लाट अचानक उथळ तळावर चढते आणि जागीच कोसळते. पॉइंट ब्रेकचे मर्म मात्र तळ कशाचा आहे यात नसून किनारा समुद्रात कसा घुसला आहे यात आहे. जेफ्रीज बेला नैऋत्येकडून आलेली लाटांची रांग भूशिराला तिरकी भिडते. उथळ पाण्यातले तिचे टोक मंदावते, खोल पाण्यातले पुढे धावत राहते, आणि त्यामुळे सगळी रांग भूशिराभोवती वळून किनाऱ्याच्या कडेकडेने क्रमाक्रमाने फुटत जाते. म्हणूनच जेफ्रीज बेची लाट बोनयार्ड्स, सुपरट्यूब्ज, इम्पॉसिबल्स असे टप्पे घेत एकाच दिशेने, उजवीकडे, धावते; पाइपलाइनच्या खडकावर मात्र डावीकडे पाइपलाइन आणि उजवीकडे बॅकडोर अशा दोन्ही लाटा फुटतात. (उजवे-डावे किनाऱ्याकडे तोंड केलेल्या स्वाराचे, प्रेक्षकाचे नव्हे.) तळाचाच निकष लावायचा, तर कॅलिफोर्नियातील रिंकनला गोटे आहेत आणि ऑस्ट्रेलियातील नूसाच्या भूशिरांपाशी वाळू; तरीही दोन्ही पॉइंट ब्रेकच.

हा भेद कागदापुरता नाही. रीफ ब्रेकवर बहुधा बाजूच्या खोल पट्ट्यातून, जिथे लाट फुटत नाही, सुखरूप आत जाता येते. सुपरट्यूब्जला ‘कीहोल’ नावाच्या अरुंद फटीतून, शिंपल्यांनी मढलेल्या धारदार खडकांमधून, लाटांच्या दोन गटांमधली उसंत साधून उतरावे लागते, आणि उतरताक्षणीच प्रवाह किनाऱ्याला समांतर ओढू लागतो. तिथे खोल पट्टा शोधत रेंगाळणारा वाहत पुढच्या टप्प्यावर जातो. लांब लाट संपल्यावर त्याच प्रवाहाविरुद्ध हात मारत परतण्याचा अट्टहासही मला निरर्थक वाटतो; त्यापेक्षा खडकांवरून जपून बाहेर यावे, फळी बगलेत मारावी आणि किनाऱ्याने चालत पुन्हा कीहोल गाठावे. पायांत रबरी बूट असावेत. अनवाणी जाण्यात कसलीही मर्दुमकी नाही.