पोट उचललं का? सरपटणं आणि रांगणं

अंगणवाडीच्या ताई घरी आल्या तेव्हा लेक साडेसात महिन्यांची होती. ‘रांगती का?’ त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, ‘रांगती की! मी सांगतो न्हवं, सकाळी पार उंबऱ्यापर्यंत गेलीया.’ (आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मी सांगतो’च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) ताईंनी पोरीला वाकळेवर पालथं घातलं, पुढं एक चमचा ठेवला आणि स्वतः वाकून तिच्या पोटाखाली बघत राहिल्या. लेक चमच्यापर्यंत पोचली. ताई म्हणाल्या, ‘पोट कुठं उचललंय? ही सरपटती. रांगायला वेळ हाय अजून.’

सासूबाई दिवसभर घुश्श्यात होत्या. खरं सांगायचं तर मलाही तोवर दोन्ही एकच वाटत होतं. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत जमिनीवरून पुढं सरकणारं कुठलंही बाळ ‘रांगतं’च.

सरपटताना पोट जमिनीला टेकलेलं असतं. कोपरं आणि हात पुढं टाकायचे, अंग ओढायचं, पाय मागून येतात किंवा बेडकासारखे ढकलतात. तोल सांभाळायची गरजच नाही, पडायला जागा कुठाय? म्हणूनच प्रत्येक बाळाची तऱ्हा वेगळी. कुणी दोन्ही हात एकदम टाकतं, कुणी अंग सापासारखं वळवतं. सुरुवातीला बरीच बाळं चक्क मागं जातात, कारण हातांचा जोर पायांपेक्षा आधी येतो आणि ओढण्यापेक्षा ढकलणं सोपं. आमची लेक आठवडाभर खेळण्याकडं बघत रडत रडत लांब जायची आणि शेवटी कॉटखाली अडकायची.

रांगणं म्हणजे पोट अधांतरी. तळवे उघडे, गुडघे कमरेखाली. तालमीत नव्या पोराला जोर मारायला लावतात तेव्हा पहिल्यांदा त्याची कंबर कशी लटपटते ते आठवा. बाळाचं तसंच होतं. आधी ते हातागुडघ्यांवर येऊन जागच्या जागी पुढं-मागं डुलतं. मग एक दिवस उजवा हात आणि डावा गुडघा पुढं, लगेच डावा हात आणि उजवा गुडघा. ही तिरकी जोडी जमली की तोल राहतो, नाहीतर नाकावर. देवघरातला रांगता बाळकृष्ण एका हातात लोण्याचा गोळा धरतो. हे देवालाच जमावं असं मला वाटायचं, पण पुढं लेकीनं हातात चमचा धरून तेच केलं.

वयाच्या हिशोबात हा फरक न कळल्यानंच निम्मे घोटाळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली भारतासह पाच देशांतल्या 816 मुलांच्या निरीक्षणावरून हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यात हातागुडघ्यांवर रांगण्याचा काळ 5.2 ते 13.5 महिने असा आहे. केवढा ऐसपैस! आणि ‘रांगलं’ म्हणायची त्यांची अटही ताईंचीच होती: पोट जमिनीला लागता कामा नये, आणि सलग किमान तीन वेळा हात-गुडघे पुढं पडले पाहिजेत. म्हणजे शेजारणीचं बाळ सहाव्या महिन्यात ‘रांगलं’ ऐकून झोप उडवून घेण्याआधी ते पोटावर होतं की गुडघ्यावर, एवढं विचारा. त्याच अभ्यासात 4.3 टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. अशी मुलं ढुंगणावर घसरत जातात, पोटावर सरपटतात किंवा थेट धरून उभी राहतात.

सरपटल्याशिवाय रांगता येत नाही, असंही नाही. बरीच बाळं सरपटण्याचा टप्पा गाळतात. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आधी सरपटलेली मुलं रांगायला लागल्यावर इतरांपेक्षा सफाईनं आणि वेगानं रांगली, पण त्यांनी रांगायला सुरुवात लवकर केली असं नाही. सासूबाईंना मी हे सांगितलं. ‘मग माझी सवय वाया न्हाई गेली,’ म्हणाल्या. बाळाला जमिनीवर पालथं सोडायची सवय त्यांचीच, हे मान्य करायला हवं. जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून हेच सांगते: न सरकणाऱ्या बाळाला जागेपणी, दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं ठेवा. झोपवायचं मात्र पाठीवरच.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं 2022 साली बाळाच्या वाढीच्या टप्प्यांच्या आपल्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. काही मुलं रांगत नाहीत हे खरं, पण मला तो निर्णय पटलेला नाही. रांगण्यात हात, कंबर आणि तोल एकत्र कामाला लागतात, ते बघायची संधी कशाला सोडायची?

घरात काय करायचं? गुळगुळीत टाइल्सवर पोट छान घसरतं आणि गुडघे मात्र सटकतात. म्हणून वाकळ किंवा सतरंजी घालायची, जाड गादी नको, आणि गुडघे उघडे ठेवायचे. पावसाळ्यात फरशीला ओल येते म्हणून आमच्याकडं बाळं महिनोन्‌महिने कडेवरच राहतात, तिथं सतरंजीची दुहेरी घडी कामाला येते. महाद्वार रोडवरून वॉकर आणायचा मामांचा बेत मी मोडला. त्यात बाळ बोटांवर ढकलत फिरतं, जमिनीवरचा सराव बुडतो, आणि पायरीवरून कोसळायची भीती वेगळीच. कॅनडानं तर 2004 सालीच वॉकरवर बंदी घातली.

लक्ष ठेवायचं ते वेगाकडं नाही, दोन्ही बाजूंकडं. सरपटताना किंवा रांगताना बाळ एकच हात वापरतंय, दुसरी मूठ आवळलेली, एक पाय नेहमी मागं ओढला जातोय, दोन्ही पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येतायत, किंवा आधी जमत होतं ते आता जमेनासं झालंय, तर पुढच्या लशीची वाट न बघता डॉक्टरांकडं जा. मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण दवाखान्यात बाळ हमखास कडेवरून उतरत नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे महिने ठरलेल्या तारखेपासून मोजायचे.

आमच्या लेकीनं नवव्या महिन्याच्या शेवटी पोट उचललं. सासूबाईंनी ताईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. ताई उंबऱ्यात आल्या, लेकीला त्यांच्या पिशवीचा बंद दिसला, आणि घाईघाईत ती पुन्हा पोटावर आपटून सरपटत निघाली.